पोत्सुओलीचे भोकं पडलेले खांब: समुद्र तिथवर चढला कसा?

मुक्ता_ठाणे

नमस्कार. मार्चअखेरीस नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही आठवडाभर नेपल्सला असू. तो दिवसभर कामात, म्हणजे फिरायला मी एकटी आणि मोकळी. पॉम्पेई, काप्रीबद्दल इथे भरपूर लिहिलेलं आहे, ते सगळं वाचून काढलं. मला विचारायचंय ते नेपल्सच्या पश्चिमेला असलेल्या पोत्सुओली या गावाबद्दल.

त्या गावचा एक फोटो बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीये. भर वस्तीत एक खोलगट मोकळी जागा, तिथे संगमरवराचे तीन उंच खांब, आणि तिन्ही खांबांवर एकाच उंचीला भोकांचा काळपट पट्टा. ही भोकं समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडली, असं फोटोखाली लिहिलं होतं. पण पट्टा माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे! समुद्र तिथवर चढला कसा आणि उतरला कसा? दुसऱ्या एका फोटोत त्याच गावच्या बंदरात मच्छीमारांच्या होड्या चिखलात टेकलेल्या दिसतात. भूमध्य समुद्राला तर भरती-ओहोटी फारशी नसते ना?

तिथे हल्ली भूकंप होतायत असंही वाचलं. एका दिवसासाठी जावं का? आणि गेलं तर काय बघावं? जरा सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

दर्यावर्दी

समुद्राची पातळी काही कायम एकच नसते. रोमन काळात तिथे पाणी वर असेल, पुढे ओसरलं असेल. होड्यांचं म्हणाल तर बंदर गाळाने भरलं असणार. आपलं सोपारा गाळानेच गेलं.

नीरा_भू

मुक्ताताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी संशोधनासाठी नेपल्सला होते, पण राहायला पोत्सुओलीत, आर्को फेलिचे भागात भाड्याच्या घरात. माझा विषय भूशास्त्र. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

दर्यावर्दी, समुद्र चढला-उतरला असता तर तो सगळीकडे चढला असता. नेपल्सला, सोरेंतोला, सगळ्या किनाऱ्यावर त्याच उंचीला खुणा दिसल्या असत्या. त्या दिसत नाहीत. पोत्सुओलीपासून काही किलोमीटर लांब गेलं की खुणा विरळ होतात आणि संपतात. म्हणजे हललीय ती जमीन. आणि तीसुद्धा याच गावाच्या पोटाखालची.

पोत्सुओली ज्या प्रदेशात आहे त्याला कांपी फ्लेग्रेई म्हणतात. ज्वालामुखी म्हटलं की आपण व्हेसुव्हिअससारखा डोंगर शोधतो. इथे तसा डोंगर नाही. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, खालचा शिलारसाचा साठा रिकामा झाला आणि वरची जमीन खचली. सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी पुन्हा एकदा मोठा उद्रेक झाला. त्यातून जो बारा-पंधरा किलोमीटर रुंदीचा खळगा झाला, त्याचा निम्मा भाग आज समुद्राखाली आहे, आणि त्याच्या साधारण मध्यावर, किनाऱ्यावर, पोत्सुओली आहे. खाली काही किलोमीटरवर उष्णता आहे, वायू आहेत, खडकांच्या फटींत कोंडलेलं गरम पाणी आहे. तव्यावरची भाकरी आतल्या वाफेने फुगते आणि वाफ निघून गेली की बसते, तशी इथली जमीन फुगते आणि बसते. फक्त वेळ लागतो वर्षांचा, कधी शतकांचा. त्या फुगण्यात वाफ-वायूचा वाटा किती आणि शिलारसाचा किती, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. या प्रकाराला ब्रॅडिसिझम म्हणतात, आणि पोत्सुओलीत हा शब्द भाजीवालीच्याही तोंडी असतो.

आता तुमचे खांब. ती जागा म्हणजे रोमन बाजारपेठ, माचेल्लुम. १७५० मध्ये तिथे खणायला सुरुवात झाली तेव्हा सेरापिस या देवाची मूर्ती मिळाली, म्हणून तिला देऊळ समजले. गावात आजही 'सेरापेओ' हेच नाव चालतं. खांब हिरवट शिरांच्या चिपोल्लिनो संगमरवराचे, बारा मीटरपेक्षा उंच. तळापासून साधारण साडेतीन मीटरपर्यंत ते गुळगुळीत आहेत. त्याच्या वर जवळपास पावणेतीन मीटरचा भोकांचा पट्टा. त्याच्याही वर पुन्हा शाबूत दगड.

हे वाचायचं कसं, ते तिथे कठड्यापाशी उभं राहून स्वतःच करून बघा, फार मजा येते. खालचा भाग गुळगुळीत, कारण तो गाळमातीत आणि पडझडीच्या ढिगाऱ्यात गाडलेला होता, शिंपल्यांना तिथे पोचता आलं नाही. मधल्या भागाभोवती समुद्राचं पाणी होतं. दगड पोखरून त्यात राहणारे लांबट शिंपले तिथे पिढ्यान् पिढ्या नांदले. वरचा भाग पाण्याबाहेर होता. म्हणजे कधीकाळी या बाजाराच्या फरशीवर सहा मीटरहून जास्त पाणी होतं. आणि एवढं बुडून पुन्हा वर येताना खांब आडवे झाले नाहीत. पाचव्या ते पंधराव्या शतकादरम्यान हे एकदा नव्हे, तीनदा घडलं असं अलीकडच्या अभ्यासातून दिसतं. त्या फरशीच्या खाली जुनी मोझेकची फरशीही आहे. म्हणजे जमीन रोमनांच्या हयातीतच बसायला लागली होती आणि त्यांनी वर नवी फरशी घातली.

हे कोडं फार थोरामोठ्यांनी सोडवून बघितलंय. जर्मन कवी गटेने सुचवलं की ज्वालामुखीच्या राखेने पाणी अडून तिथे तात्पुरतं खाऱ्या पाण्याचं तळं झालं असेल. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल १८२८ मध्ये इथे आला, त्याने खांब मोजले, आणि १८३० साली आलेल्या 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी'च्या पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच या तीन खांबांचं चित्र छापलं. त्याचं म्हणणं असं की पृथ्वीचं रूप बदलायला एखादा महाप्रलय लागत नाही. आज आपल्या नजरेसमोर चालू असलेल्या संथ हालचाली पुरेशा वेळाने तेच काम करतात. त्याला पुरावा म्हणून याहून चांगलं काय मिळणार? माणसाने बांधलेली, साधारण काळ माहीत असलेली इमारत, जी खाली गेली आणि उभीच्या उभी वर आली. भूशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही हे खांब बघताना भरून येतं. मलाही आलं होतं.

आता होड्या. गाळ नाही, तळच वर आलाय. त्या छोट्या बंदराला दार्सेना म्हणतात. अलीकडच्या काळापुरतं सांगायचं तर १९५० ते ५२ मध्ये जमीन सुमारे ७० सेंटिमीटर वर आली. १९६९ ते ७२ मध्ये सुमारे १.७ मीटर. १९८२ ते ८४ मध्ये आणखी सुमारे १.८ मीटर. जुन्या धक्क्याला जहाजं लागेनात, म्हणून त्याच्याखाली नवा, कमी उंचीचा धक्का बांधावा लागला. मग वीस वर्षं जमीन हळूहळू खाली बसली. २००५ पासून पुन्हा वर येतेय, आणि आतापर्यंत जवळपास दीड मीटर आलीय. १९८४ ची पातळी तिने केव्हाच ओलांडली. समुद्र इथे दिवसात फूटभर वर-खाली होतो, तेवढ्याने तळ उघडा पडत नाही. तुम्ही फोटोत पाहिल्या त्या होड्यांखालची जमीन कालपरवापर्यंत पाण्यात होती.

आणि हे कुठवर जाऊ शकतं, तेही एकदा घडून गेलंय. १५०० च्या आसपास इथली जमीन वर यायला लागली. समुद्र हटून जी नवी जमीन उघडी पडली ती तेव्हा नेपल्सवर राज्य करणाऱ्या राजा फर्डिनांडने १५०३ मध्ये पोत्सुओलीला देऊन टाकली, त्याची सनद आहे. १५३८ च्या सप्टेंबरात समुद्र अचानक दूर सरला. उघड्या पडलेल्या वाळूत मासे तडफडत होते आणि लोक ते गोळा करायला धावले. २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी जमीन फाटली. आठवडाभरात तिथे १३३ मीटर उंचीची टेकडी उभी राहिली, मोंते नुओवो, म्हणजे नवा डोंगर. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जाणारं त्रिपेर्गोले हे गाव तिच्याखाली गाडलं गेलं. उद्रेक निवला असं वाटून काही लोक टेकडी बघायला वर चढले. ६ ऑक्टोबरला पुन्हा स्फोट झाला आणि त्यातले २४ जण गेले. पोत्सुओलीचे लोक नेपल्सकडे पळाले. व्हाइसरॉय पेद्रो दे तोलेदोने कर माफ केले, स्वतःचा वाडा इथे बांधला, तेव्हा कुठे गाव पुन्हा वसलं. त्या टेकडीवर आज झाडी आहे, पायवाट आहे, वर जाऊन खाली विवरात बघता येतं. जरूर जा. माणसांनी दिवस-तारखेसह जन्म पाहिलेला डोंगर आहे तो.

तगर

नीरा_भू, सुरेख. भूशास्त्र तुम्ही सांगितलंत, मी व्यापाराचं थोडं जोडतो. कारण आपल्याकडच्या सातवाहन काळाचा अभ्यास करताना हे गाव टाळताच येत नाही.

सामोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पू. सहाव्या शतकात इथे दिकाइआर्किया वसवलं. इ.स.पू. १९४ मध्ये रोमनांनी इथे वसाहत केली, नाव पुतेओली. ओस्तियाला सम्राट क्लॉडियस आणि ट्राजान यांनी मोठी बंदरं बांधेपर्यंत रोमचं खरं समुद्री दार हेच होतं. रोम पोसायचं ते इजिप्तच्या धान्यावर, आणि अलेक्झांड्रियाची ती धान्याची गलबतं इथे लागत. रोमन लेखक सेनेकाने एका पत्रात वर्णन केलंय: गलबतांच्या पुढे येणाऱ्या बातमीच्या होड्या दिसल्या की अख्खं गाव धक्क्यावर जमतं, आणि अलेक्झांड्रियाची जहाजं गर्दीतही ओळखू येतात, कारण काप्री ओलांडल्यावर वरचं शीड ठेवायची मुभा फक्त त्यांनाच. संत पॉल रोमला जाताना याच धक्क्यावर उतरला आणि सात दिवस इथे राहिला, हे बायबलमध्ये आहे.

आता आपला संबंध. भडोच, सोपारा, कल्याण किंवा केरळातल्या मुझिरिसहून निघालेला माल लाल समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात उतरायचा, तिथून उंटावरून नाईलपर्यंत, नाईलमधून अलेक्झांड्रियाला, आणि अलेक्झांड्रियाहून पुतेओलीला. पुतेओलीतलं आन्नियुस हे व्यापारी घराणं यात होतं. रोमन लेखक प्लिनी लिहितो की लाल समुद्रावरच्या जकातीचा मक्ता घेतलेल्या आन्नियुस प्लोकामुसचा एक मुक्त केलेला गुलाम वाऱ्याने भरकटून श्रीलंकेला पोचला. आणि इजिप्तच्या वाळवंटात, बेरेनिकेच्या रस्त्यावरच्या एका खडकावर, पुब्लियुस आन्नियुस प्लोकामुसच्या लिसास नावाच्या गुलामाने आपलं नाव कोरून ठेवलंय, इ.स. ६ मधलं. मला हा कोरीव लेख कोणत्याही राजाच्या प्रशस्तीपेक्षा मोलाचा वाटतो. उन्हातान्हात मालाबरोबर चालणारा एक माणूस, त्याचं नाव उरलं.

अरबस्तानातले नबातियन व्यापारी तर पुतेओलीत स्थायिक झाले होते. त्यांचा देव दुसारेस याचं देऊळ आज समुद्राखाली आहे. २०२३ मध्ये तिथे पाण्याखाली आणखी दोन वेद्या सापडल्या. नीरा_भू सांगतात त्याच जमिनीच्या बसण्याने ते बुडालं.

पॉम्पेईत १९३८ साली मिळालेली हस्तिदंती मूर्ती सगळ्यांना माहीत आहे, तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. ती नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात तिच्याशी फार साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती मिळाली. उलट दिशेने आलेला, ब्राँझचा पोसायडन कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळाला, तो तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात बघता येतो. मुक्ताताई, नेपल्सच्या संग्रहालयात त्या मूर्तीसमोर दहा मिनिटं थांबा आणि मग पोत्सुओलीच्या धक्क्यावर जा, ही विनंती.

एक राहिलं. इथल्या ज्वालामुखीच्या राखेत चुना मिसळला की तो पाण्याखालीही घट्ट होतो. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने याचं वर्णन केलंय. आज जगभर पोझोलाना म्हणतात तो पदार्थ याच गावाच्या नावाचा. ही राख जहाजात भरून रोमनांनी पॅलेस्टाइनमधल्या कैसरियाचं बंदर समुद्रात बांधलं. पोत्सुओलीच्या रोमन धक्क्याचे मोठाले खांब आजच्या धक्क्याच्या पोटात आहेत.

मुक्ता_ठाणे

काय लिहिलंय दोघांनी! मी हे सगळं छापून घेऊन जाणार. आता जायचं नक्की. पण भूकंपाचं खरं सांगा, घरचे काळजी करतायत. आणि तुम्ही तिथे राहिलात, तर लोक तिथे राहतात कसे?

नीरा_भू

तगर, लिसासबद्दल माहीत नव्हतं, मनापासून आभार.

मुक्ताताई, भूकंपाचं सरळ सांगते. जमीन वर येताना खडक तडकतात, म्हणून धक्के बसतात. ते आकाराने फार मोठे नसतात, पण अवघ्या दोन-तीन किलोमीटर खोलीवर होतात म्हणून जोरात जाणवतात. २० मे २०२४ ला ४.४ तीव्रतेचा झाला, तो तेव्हा चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा होता. त्या रात्री पंधराशेच्या आसपास लोकांना घराबाहेर काढावं लागलं. २०२५ मध्ये ४.६ पर्यंत गेले. २०१२ पासून हा प्रदेश पिवळ्या इशाऱ्यावर आहे, आणि १८४१ साली स्थापन झालेली व्हेसुव्हियन वेधशाळा इथल्या जमिनीवर अहोरात्र लक्ष ठेवून असते. तिचं दर आठवड्याचं पत्रक निघतं, ते जाण्याआधी जरूर बघा. मी स्वतः दिवसाच्या फेरीला जाईन, माझ्या बहिणीलाही पाठवीन. जुन्या पडक्या भिंतीखाली, उंच कड्यालगत रेंगाळू नका, एवढी काळजी घ्या. सोल्फातारा हे वाफा सोडणारं विवर मात्र २०१७ पासून पर्यटकांना बंद आहे. तिथे एका कुटुंबातले तिघे खड्ड्यात पडून गेले, तेव्हापासून.

लोक राहतात कसे, हे मला नीट सांगावंसं वाटतं, कारण बहुतेक लेखांत खांब असतात, राजे असतात आणि ही माणसं नसतात.

बंदराच्या बाजूला दगडी सुळक्यावर एक वस्ती आहे, रिओने तेर्रा. गावाचा सगळ्यात जुना भाग तोच. २ मार्च १९७० ला तिथल्या सुमारे तीन हजार लोकांना सैनिकांनी एका फटक्यात बाहेर काढलं. बहुतेक मच्छीमार आणि गरीब कुटुंबं. माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी म्हातारी त्यातली. तेव्हा ती लग्नाच्या वयाची होती. गाद्या आणि आईचं शिलाई मशीन खाली उतरवलं, बाकी नंतर नेऊ असं ठरलं, ते 'नंतर' आलंच नाही, असं तिने मला सांगितलं. त्यांना पुढे तोयानो या नव्या वसाहतीत घर मिळालं. ज्यांचं पोट समुद्रावर होतं त्यांना समुद्रापासून लांब नेऊन बसवलं. तिच्या वडिलांना पहाटे जाळ्यांपाशी पोचायला रोज पायपीट करावी लागायची. पुढे १९८३ च्या ऑक्टोबरात ४.० चा धक्का बसला आणि मधल्या गावातून सुमारे ४० हजार लोक हलवले गेले. त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो नावाची अख्खी वसाहत बांधली. उद्रेक दोन्ही वेळा झाला नाही. जीव वाचवायला हलवलं हे खरंच, पण रिओने तेर्राची माणसं परत कधी तिथे राहायला गेली नाहीत, आणि मला ते अजूनही सलतं.

तिथेच वर गावचं मोठं चर्च आहे, सान प्रोकोलो. १९६४ च्या मेमध्ये त्याला आग लागली. सजावटीचे थर जळून पडले आणि आतून ऑगस्टसच्या काळातलं संगमरवरी रोमन देऊळ बाहेर आलं. चर्च त्या देवळाच्या आतच बांधलेलं होतं! २०१४ मध्ये ते पुन्हा उघडलं. आत आर्तेमिसिया जेंतिलेस्की या सतराव्या शतकातल्या चित्रकर्तीची चित्रं आहेत. जंगली जनावरांसमोर उभ्या सान जेन्नारो या संताचं चित्र शांतपणे बघा. त्यातली जनावरं त्याच्या पायाशी लीन झालीत, आणि ती घटना जिथली मानतात ते अँफीथिएटर, म्हणजे रोमनांचं खेळांचं गोल प्रेक्षागार, तिथून चालत थोड्या अंतरावर आहे. वस्तीच्या खाली रोमन गल्ल्या, गोदामं, भटारखाने जसेच्या तसे आहेत. ते बघायला आधी नोंदणी करा, रोज उघडं असेल असं धरून जाऊ नका.

क्रम असा ठेवा: सकाळी अँफीथिएटर. वरून नुसतं बघून परतू नका, तळघरात उतरा. जनावरांचे पिंजरे जिथून वर ओढले जात ती भोकं आणि खाली पडून राहिलेले खांब तिथेच आहेत. मग उतरत माचेल्लुम. आत उतरायची गरज नाही, रस्त्यावरूनच चहूबाजूंनी दिसतं. मग दार्सेना, जेवण बंदराजवळ. दुपारी रिओने तेर्रा. पाय शिल्लक असतील आणि उजेड असेल तर कुमाना या लोकल गाडीने लुक्रिनोला जाऊन मोंते नुओवो. जवळच्या बाया नावाच्या गावातली बुडालेली रोमन नगरी काचेच्या तळाच्या बोटीतून बघता येते, पण ती समुद्र शांत असेल तेव्हाच सुटते आणि मार्चमध्ये खात्री नसते. तिला वेगळा अर्धा दिवस द्या.

नेपल्सहून यायला दोन गाड्या आहेत. मेट्रोची २ नंबरची लाइन वरच्या बाजूला, अँफीथिएटरजवळ सोडते. मोंतेसांतोहून सुटणारी कुमाना खाली बंदराजवळ सोडते. जाताना मेट्रो घ्या म्हणजे सगळी चाल उताराची होते, येताना कुमाना. मोठा धक्का बसला की रूळ तपासेपर्यंत गाड्या थांबवतात, कधी तास, कधी त्याहून जास्त. तेव्हा विमानाच्या दिवशी पोत्सुओली ठेवू नका.